पाचवी पिन

किशनकाका,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला तुमच्या गावचे माजी सरपंच बोलायला उठले आणि त्यांनी सांगितलं, की एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही विमान चालवलं. मांडवातल्या लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. हारामागच्या तुमच्या फोटोकडे माझी नजर गेली. तुम्ही असता तर खुर्चीवरून अर्धं उठून हात वर केला असता आणि सगळ्यांना सांगत आलात तेच परत सांगितलं असतं: "चालवलं न्हाई हो. पुसलं. चालवणारे येगळे."

बोलणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव होतं. शेजारीण, शाळेत इतिहास शिकवणारी, बावीस वर्षांचा शेजार. कागदावर चार मुद्दे लिहून नेले होते. नाव पुकारल्यावर उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. तुमच्या लेकीने, संघमित्राने, मागून पाण्याचा ग्लास पुढे केला. तिला वाटलं, बाईंचा गळा दाटला. तसं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते मांडवात सांगण्याजोगं नव्हतं, आणि ते ऐकायला पाहिजे होते ते एकटे तुम्ही. म्हणून हे लिहायला बसले. रोज शाळेतून आल्यावर थोडं थोडं लिहिते. मी तुमच्याशी शेवटचं बोलले ते खोटं बोलले, काका. तिथपर्यंत मला पोचायचं आहे, आणि एकदम जाता येत नाही.

आधी वारंगा फाट्यावरचं तुमचं दुकान आठवतं. हवाईदलातली पंधरा वर्षं संपवून आल्यावर तुम्ही तिथे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला बसलात ते सत्तरी येईपर्यंत. रोज सकाळी हिंगोलीहून एसटीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. दुकानात मागच्या भिंतीला लाकडी फळी, तिच्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची, हातोडीची आकृती काळ्या रंगाने काढलेली. हत्यार खिळ्याला टांगलं की आकृती झाकायची. एखादं काढलं की त्याची काळी सावली भिंतीवर दिसत राहायची. फळी भरल्याशिवाय तुम्ही शटर ओढलं नाही. फाट्यावरचे लोक तिला मिल्ट्रीवाल्याचं देवघर म्हणायचे.

एका संध्याकाळी त्या फळीवर एक सावली उघडी राहिली. तुम्ही दुकान धुंडाळलं, ओसरी धुंडाळली, आणि मग सकाळी औंढ्याकडच्या एका शेतकऱ्याची मोटार दुरुस्त करून दिली होती हे आठवलं. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून थेट त्याच्या विहिरीवर गेलात. चालू मोटार बंद करायला लावली, खोलली, आत पाहिलं, पुन्हा बसवली. पाना नव्हता. तो शेतकरी बांधावर बसून म्हणाला, "मिल्ट्रीवाले, तुमचा पाना सोन्याचा हाय का मह्या मोटारीत बाँब हाय, येवढं तरी सांगा." पाना निघाला तुमच्या जेवणाच्या पिशवीत, डब्याच्या खाली. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्या विहिरीवर गेलात, फक्त सापडला म्हणून सांगायला. ही गोष्ट मला काकूंनी तुमच्या तोंडावर सांगितली होती आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. तुम्ही हसला नव्हता. "मोटारीत राह्यला असता तर?" एवढंच म्हणालात. मला तेव्हा वाटलं, शिस्तीचा माणूस आहे. ह्याच्या खाली काही असेल असं मनातही आलं नाही.

ते आलं शाळेच्या प्रदर्शनाच्या वेळी. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचे फोटो आणि आठवणी मुलांनी गोळा करायच्या, असं मी ठरवलं होतं. घराघरांतून ट्रंका उघडल्या, पायदळातले, तोफखान्यातले पुष्कळ निघाले. हवाईदलातले तुम्ही एकटे. मी तुम्हांला नववीच्या वर्गात घेऊन गेले. पहिलाच प्रश्न आला, आजोबा, तुम्ही शत्रूची किती विमानं पाडली. तुम्ही म्हणालात, एक बी न्हाई, मी काच पुसायचो. वर्ग हसला. तुम्ही हसू संपेपर्यंत थांबलात आणि मग सांगितलं, की वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर माशी बसल्याएवढा डाग राहिला, तरी वर आकाशात त्याला तो लांबून येणारं विमान वाटतो. तो त्या डागाकडे बघत बसतो आणि खरं विमान दुसरीकडून येतं. म्हणून रोज सकाळी, सूर्याकडे तोंड करून, ती काच पुसायची आणि मग खाली वाकून, तिरकं होऊन बघायची. तुम्ही वर्गाच्या खिडकीची काच तशी पुसून दाखवलीत. त्या दिवशी घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. पंचवीस वर्षं मी युद्धं शिकवली आहेत. तह, कारणं, परिणाम. युद्धात रोज सकाळी काच पुसणारा माणूस असतो हे मी पहिल्यांदा तुमच्याकडून शिकले. ह्याचे आभार मी कधी मानले नाहीत, ते आता मानते.

त्या कौतुकाच्या भरातच मी तुमच्या अंगणात वही घेऊन बसू लागले. दुपारची वेळ, काकू शेजारच्या गल्लीत भावजयीकडे गेलेल्या. मी विचारलं, सगळ्यांत जास्त काय लक्षात राहिलं. तुम्ही म्हणालात, वही मिटा. मग म्हणालात, "काकूला सांगायचं न्हाई. संघमित्राला तर कधीच न्हाई." मी वही मिटली.

तुमचं ते विमान एका माणसाचं होतं. वैमानिकाची खुर्ची साधी नव्हती. वेळ आली की त्याने दांडी ओढायची, खुर्ची त्याच्यासकट बाहेर फेकली जायची आणि पुढे छत्री उघडायची. विमान जमिनीवर असताना चुकून असं होऊ नये म्हणून खुर्चीत पाच पिना घातलेल्या, प्रत्येकीला लाल फीत. उड्डाणाआधी साहेबाला पट्टे बांधून देणाऱ्याने त्या काढायच्या. एकेक पिन त्याच्या डोळ्यांसमोर धरायची, त्याने मोजायची, मान हलवायची. मग पाचही पिना त्याच्या बाजूच्या कप्प्यात. एक जरी आत राहिली तर खुर्ची जागची हलत नाही. आणि कप्पा विमानातच असतो, म्हणजे विमान गेलं की पिनाही गेल्या. मागे राहिलेल्याला पुन्हा मोजता येत नाहीत.

लढाई सुरू व्हायला काही आठवडे होते. उत्तरेकडच्या एका तळावर रोज सराव चालू. त्या सकाळी तुम्हांला घरून तार आली होती, मुलगी झाली म्हणून. पट्टे बांधताना तुम्ही ते साहेबाला सांगितलं. साहेब तुमच्याच वयाचा, चोवीस-पंचवीसचा. तो मोठ्याने हसला आणि तुमचा हात धरून हलवू लागला, हिंदीत विचारू लागला की नाव काय ठेवणार. ज्या हातात पिना होत्या तोच हात त्याने धरला होता.

"चार दावल्या व्हत्या, बाई. पाचवी दावली का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई. हात सोडवला, शिडी उतरलो, सलाम केला. बस."

दोन विमानं गेली होती. परत एक आलं. विमान आलं नाही की सगळ्यांत आधी त्याचं रजिस्टर जप्त होतं, ज्यात प्रत्येकाने आपापलं काम पाहून सही केलेली असते. तुम्हांला चौकशीला बोलावलं. तुम्ही ठामपणे सांगितलं, पाच दाखवल्या. मग लढाई आली, तुमची बदली झाली, चौकशीत काय निघालं ते तुमच्या हुद्द्याच्या माणसाला कुणी कळवलं नाही. कँटीनमध्ये कुणीतरी बोललं, की साहेब खुर्चीतच सापडले. ते खरं की नुसतं बोलणं, हेही कधी कळलं नाही.

मी म्हटलं, काका, तुमच्यासारखा माणूस पिन विसरेल का. जो पान्यासाठी विहिरीवर जातो. तुम्ही माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या सगळ्यांत ढ मुलाकडे मी बघते तसं. "असा मी त्याच्यानंतर झालो, बाई. आधी न्हवतो. आधी बेफिकीर व्हतो. त्या दिसापासून मोजायला शिकलो. पन्नास वर्षं झाली मोजून राह्यलो, पर जे मोजायचं व्हतं ते ऱ्हाऊन गेलं."

काकू फाटकातून आत आल्या आणि तुम्ही मला मोठ्याने विचारलंत, शाळेला दिवाळीची सुट्टी कधीपासून. इतक्या सहज विचारलंत, की मला समजलं, हे तुम्ही पुष्कळ वर्षं करत आला आहात.

इथून पुढचं माझं. मला गप्प बसवलं नाही. जुन्या विमानांचा, पडलेल्या विमानांचा इतिहास गोळा करणारी हौशी माणसं असतात. निवृत्त अधिकारी, इंजिनिअर, कुणी नुसतेच नादी. त्यांना मी पत्रं लिहिली. सरावात गेलेल्या वैमानिकांची नावं लढाईत गेलेल्यांसारखी दगडावर कोरली जात नाहीत, ती ह्या लोकांच्या वह्यांत असतात. पाचसहा महिन्यांनी त्यांतल्या एकाने कळवलं, की त्या दिवशी दुसऱ्या विमानात जे साहेब होते ते हयात आहेत, दक्षिणेत एका शहरात असतात, ऐंशीच्या पुढे आहेत. पत्ता दिला. मी त्यांना तुमची सगळी हकिकत लिहिली. चार पानं. तुमचं दुकान, फळी, पाना, पन्नास वर्षांची तळमळ. शेवटी लिहिलं, त्या म्हाताऱ्या माणसाला शांती मिळेल, कृपा करून सांगा, खुर्ची बाहेर पडलेली तुम्ही पाहिलीत का.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, थरथरत्या अक्षराचं. होय, मी पाहिली. खुर्ची बाहेर पडली होती, पण उंची फार कमी होती, छत्री उघडायला वेळ मिळाला नाही. तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, त्यांचं काम चोख होतं.

मी पत्र घेऊन धावत तुमच्याकडे आले. पन्नाशी ओलांडलेली बाई, फाटक उघडंच टाकून. काकू दळण आणायला गेल्या होत्या हे बघूनच आले. तुम्ही चष्मा लावून पत्र वाचलंत, एकदा, दोनदा. मला वाटलं आता तुम्ही रडाल, निदान सुस्कारा टाकाल. तुम्ही विचारलंत, तुम्ही त्यांना काय लिहिलं होतं ते आणा. माझ्याकडे प्रत होती, मी प्रत ठेवतेच. तीही तुम्ही वाचलीत, बोट ठेवून, ओळ न ओळ.

मग दोन्ही कागद माझ्याकडे सरकवून म्हणालात, "आमच्यात ह्याच्यापरीस मोठा गुन्हा न्हवता, बाई. न पाहता सही. तुमी रकाना भरून धाडला, त्यानं भला माणूस म्हणून खाली सही केली. असल्या सहीवर मी इमान उडू दिलं नसतं."

तुमचं बरोबर होतं. मी मुलांना शिकवते, की साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, आणि मीच तोंड भरून घातले होते. पण त्या क्षणी मला राग आला. मी म्हटलं, तुम्हांला सुटायचंच नाही, काका. दोष अंगाशी धरून बसण्यात तुम्हांला बरं वाटतं. हे बोलायला नको होतं. चहाचा कप अर्धा तसाच ठेवून आत गेलात. पुढचे दोन आठवडे आपण बोललो नाही. काकूंनी मला विचारलं, "काहून हो बाई, आमच्या मालकासंगं काई झालं का? दोघं बी तोंड फुगवून राह्यले." मी काहीतरी सांगितलं.

मग एका सकाळी तुम्ही कुंपणाच्या भिंतीपाशी आलात. हातात कागदाचा चतकोर. त्यावर इंग्रजीत, रजिस्टरात लिहितात तशा सुट्या मोठ्या अक्षरांत एकच ओळ: त्या दिवशी तुम्ही स्वतः जे पाहिलं तेवढंच लिहा. "ह्येच धाडा," तुम्ही म्हणालात. "तुमचं एक अक्षर नको." तुम्ही निघालात आणि चार पावलांवरून परत फिरलात. "तकलीफ देऊन राह्यलो तुमाला," म्हणालात. मला त्या दिवशी कळलं, की तुम्हांला सुटायचं होतं. फक्त खोट्या किल्लीने नको होतं.

तो चतकोर मी तसाच पाकिटात घातला. महिना गेला, दीड महिना गेला. मधे तुमचा दम वाढला आणि संघमित्राने तुम्हांला नांदेडला, ती नर्स आहे त्याच दवाखान्यात नेलं. उत्तर आलं ते शुक्रवारी. रविवारी मी तुम्हांला भेटायला आले. ते माझ्या पर्समध्ये होतं, फोडलेलं, वाचलेलं.

तुम्ही उशाला टेकून बसला होता. नाकाला नळी. काकू खाली फळं आणायला गेल्या तेव्हा तुम्ही विचारलंत, "आलं का?"

मी म्हटलं, नाही आलं अजून.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खिडकीकडे. "टपालाला टाइम लागतो," म्हणालात. "आलं की आणा. माझ्यासमोरच फोडा."

मंगळवारी तुम्ही गेलात.

आता ते पत्र वाचून दाखवते. फार मोठं नाही. साहेब लिहितात: मी पुढे होतो, तो मागे. वळलो तेव्हा खाली धूर दिसला. खुर्ची दिसली नाही, छत्री दिसली नाही. खुर्ची बाहेर पडली नाही असंही मी म्हणू शकत नाही, कारण त्या वेळी मी तिकडे पाहतच नव्हतो. मागच्या पत्रात लिहिलं ते तुमच्या चार पानांमुळे लिहिलं. आज त्या एका ओळीला तसं उत्तर देता येत नाही. मला क्षमा करावी.

एवढंच. तुम्हांला हेच हवं होतं, हे मला आता कळतं. तुम्हांला दिलासा नको होता, पाहून केलेली सही हवी होती, आणि त्या म्हाताऱ्या साहेबांनी ती केली होती. ती तुमच्या हातात द्यायचं धैर्य मला झालं नाही. मला वाटलं, आता ह्या अवस्थेत कशाला. मी तुमच्या वतीने ठरवलं. वर्गात मी शिकवते, की पुरावा नकोसा असला तरी दडवायचा नाही. दवाखान्याच्या त्या खोलीत माझं सगळं शिक्षण पर्सच्या चेनीआड राहिलं. तुम्ही ओळखलं होतंत का? "माझ्यासमोरच फोडा" असं तुम्ही का म्हणालात, ह्याचा मी रोज विचार करते. विचारायला आता कुणी नाही.

पण अजून एक आहे, आणि ते तुम्हांला ठाऊक नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. संघमित्राही दोन दिवस ड्यूटी करून येते म्हणून नांदेडला गेली. मी काकूंजवळ बसायला गेले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, पांढरं पातळ, डोळे कोरडे. मनात आलं, मी शेकडो मैलांवर पत्रं पाठवली, विमानांच्या वह्या ठेवणाऱ्या अनोळखी लोकांना विनवण्या केल्या, आणि तुमच्यासोबत पंचावन्न वर्षं राहिलेली बाई भिंतीपलीकडे होती. तिला मी कधी काही विचारलं नाही. तुम्ही सांगू नका म्हणाला होता. विचारू नका असं म्हणाला नव्हता.

ह्या वेळी मी सावध होते. तोंडात एक शब्द घालायचा नाही. मी फक्त म्हटलं, "काकू, काकांना मोजायची सवय कधीपासून?"

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हंजे लगीन झालं तवापासून. त्याच्या आधीचं मला काय म्हाईत."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्याच वर्षी तुम्ही सुट्टीवर आला होता. घरच्या रानात खुरपणीला बारा-पंधरा बाया. काकू नव्या नवरी, त्याही त्यांत. संध्याकाळी बाया घरी निघाल्या की तुम्ही बांधावर उभे. धोतराचं एक पान पसरायचं, त्यावर सगळ्यांनी आपापलं खुरपं ठेवायचं, तुम्ही मोजायचं, मग जिचं तिला द्यायचं. एक दिवस एक कमी भरलं. अंधारून आलं तरी तुम्ही कुणाला हलू दिलं नाही. खुरपं पिकाच्या तासात राह्यलं आणि सकाळी कुणाच्या पायाला लागलं तर, म्हणून. सगळ्या बाया ओळीने परत रानात, वाकून. सापडलं. "बायांनी लई छळलं मला," काकू म्हणाल्या. "म्हणायच्या, सुभद्रे, तुला बी मोजूनच आणली का गं? मांडवात आम्ही पाह्यलं न्हाई, कुठं एक-दोन नवऱ्या तर न्हाई ना उरल्या?" आणि काका, तांदळात बोटं तशीच ठेवून त्या हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

मी विचारलं, संघमित्रा तेव्हा झाली होती का. "न्हाई. ती त्याच्यानंतर, दोन वर्सानं."

मी हे पुरावा म्हणून तुमच्यापुढे ठेवत नाही. खुरपं मोजणारा माणूस पिन विसरू शकतो, हे मला कळतं. तुम्हीच मला झापलं असतं. पाचवी पिन तुम्ही दाखवली की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही, आणि तो रकाना मी रिकामाच ठेवते. पण तुम्ही एक गोष्ट मला ठामपणे सांगितली होती, की आधी तुम्ही बेफिकीर होता आणि त्या दिवसानंतर बदललात. ती चूक आहे, काका. त्या दिवसाने तुमची मागची आठवणही पुसून टाकली होती. पिना घेऊन विमानाची शिडी चढलेला तो तरुण तुम्ही आयुष्यभर समजत आलात तसा नव्हता. ह्याला साक्षीदार आहे, आणि तिला प्रश्न कशासाठी आहे हे ठाऊक नसताना तिने उत्तर दिलं आहे.

काकूंनी मग मला विचारलं, काहून इचारता. मी तुम्हांला दिलेला शब्द मोडला. सगळं सांगितलं. तार, पट्टे, पिना, धरलेला हात, दोन्ही पत्रं, दवाखान्यातलं माझं खोटं. काकूंना का सांगायचं नव्हतं, हे सांगताना मला समजत होतं: ती तार त्यांच्या बाळंतपणाची होती. तुम्ही त्यांना आणि लेकीला त्या दिवसापासून दूर ठेवलं होतं, त्यांच्या अंगाला तो दिवस लागू नये म्हणून.

काकू म्हणाल्या, "मला इचारायचं त्यांनी. रातंदिस बाजूला व्हते मी." त्यात राग होता, आणि मला तो योग्य वाटला. सूप बाजूला ठेवलं. पदराने हात पुसले. मग त्यांनी जे विचारलं ते तुम्ही, मी, त्या साहेबांनी, कुणीच विचारलं नव्हतं.

"तो साहेब हासला व्हता व्हय? संघमित्रा झाली म्हणून?"

मी म्हटलं, हो. मोठ्याने. काकांचा हात धरून.

"नाव इचारलं?"

"हो. काय ठेवणार म्हणून."

"मग बिचारा आनंदात गेला वर," काकू म्हणाल्या. "कुणाच्या तरी घरची चांगली बातमी ऐकून गेला. त्याच्या आईला ह्ये कुणी सांगितलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं." आणि मग, "ह्यांनी पन्नास वर्षं पिनाच मोजल्या. तेवढं हासू कधी धरलं न्हाई."

मी विचारलं, संघमित्राला सांगायचं का. तुमची सक्त मनाई होती, हेही सांगितलं.

"सांगायचं," त्या म्हणाल्या. "पर पिनांपासून सुरू न्हाई करायचं. तू झालीस तवा दूरदेशी एक परका माणूस हासला व्हता, तुझं नाव इचारून गेला, इथून सुरू करायचं."

मी घरी जायला उठले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं, आत जाऊन फोन आणला आणि लेकीचा नंबर लावून द्यायला सांगितला.